पुढे केलेला खडू

कोणी काही ठामपणे सांगितलं की ते सदऱ्याच्या खिशात हात घालायचे, खडूचा तुकडा काढायचे, त्याचं झिजलेलं टोक स्वतःकडे आणि जाड बूड समोरच्याकडे करून तो पुढे धरायचे आणि एकच शब्द बोलायचे, "कशावरून?"

वर्गात हे शोभतं. गणिताचा मास्तर आहे, विचारणारच. पण हा माणूस हाच खडू न्हाव्यापुढे धरायचा. चहावाल्यापुढे धरायचा. एकदा लग्नाच्या पंगतीत नवरदेवाचे काका सांगत होते की आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी खोटं बोललेलं नाही. यांनी पत्रावळीवरचा उजवा हात थांबवला, डाव्या हातानं खिसा चाचपला आणि खडू पुढे. काकांना वाटलं, यांच्या समुद्राकडच्या लोकांत लग्नाला खडू द्यायची रीत असेल. त्यांनी तो कपाळाला लावून खिशात ठेवला.

तुम्ही म्हणाल, असा माणूस गावात टिकला कसा. टिकला, कारण त्याला जाता येत नव्हतं. ते का, तेही सांगणार आहे. पण जरा दमानं, कारण त्यात मी आहे.

आमचं गाव नार्नूरच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला बाहेरून टेकलेलं. शेतात कापूस आणि ज्वारी. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी, आणि जमिनीचा कागद निघाला की निजामाच्या वेळची उर्दू. शाळा सरकारी. तिच्यात तेलुगू माध्यमाचे वर्ग मोठे आणि मराठीचे लहान, दोन-तीन खोल्यांत मावणारे. मी मराठी शिकवायचो. कारकुनाची जागा कित्येक वर्षं रिकामी होती, म्हणून शाळेची टपाल-वहीही माझ्याच गळ्यात. कोणता कागद आला, कोणता गेला, ते मी लिहायचो. हे ध्यानात ठेवा.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. जुलैच्या एका दुपारी एक उंच, किडकिडीत माणूस हातात पत्र्याची पेटी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात उभा राहिला. समुद्राकाठच्या जिल्ह्यातला, अस्सल तेलुगू. मराठीचा एक शब्द येत नव्हता. आणि हुकुमावर लिहिलेलं, मराठी माध्यम, गणित. कुठल्या तरी कचेरीत कुणाची तरी पेन्सिल एका ओळीनं खाली घसरली होती, आणि तेवढ्यानं हा माणूस शेकडो मैल वर सरकला होता.

हेडमास्तरांनी हुकूम पुढून-मागून पाहिला. "रुजू तं व्हा," ते म्हणाले, "महिन्याभरात दुरुस्ती होऊन जाते."

सहा वर्षं.

पहिले काही आठवडे ते वर्गात बोललेच नाहीत. फळ्यावर त्रिकोण काढायचे, बाणानं दाखवायचे, भुवया उंचावून पोरांकडे पाहायचे. आणि संध्याकाळी नववीचं भूमितीचं पुस्तक घेऊन माझ्यापुढे बसायचे. प्रत्येक शब्दावर बोट. मी अर्थ तेलुगूत सांगायचो, मोडक्या. अशा रीतीनं या माणसानं मराठी शिकून घेतली, आणि सगळीच्या सगळी भूमितीच्या पुस्तकातून. परिणाम काय झाला, ते आमच्या गुरुवारच्या बाजारानं पाहिलं.

"समजा, मला अर्धा किलो वांगी हवी आहेत," ते गिरजाबाईपुढे उभं राहून म्हणाले. गिरजाबाई म्हणजे आमची भाजीवाली, जिभेला हाड नसलेली.

"समजून कायले घेऊ? पायजे तं पायजे म्हणा."

"परंतु हे वांगे किडके आहे. म्हणून हे वांगे मला नको."

गिरजाबाईनं तराजू खाली ठेवला. "मास्तर, तुमी वांगे घेऊन राह्यले का मले कोर्टात उभी करून राह्यले?"

पण तिनं वांगं बदलून दिलं. पुढे पुढे तर ते दिसले की ती आधीच चांगली वांगी बाजूला काढायची आणि शेजारणीला सांगायची, "हा माणूस पुराव्याबिगर कोथिंबीरही घेत नाही वं."

चहाच्या टपरीवरचा प्रसंग तर मी स्वतः पाहिला आहे. चहावाला साखरेच्या बाबतीत धोरणी होता. यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि सावकाश म्हणाले, "समजा, या चहात साखर आहे. तर माशी बसली असती. परंतु चार मिनिटे झाली, माशी बसली नाही. म्हणून आपले मानणे चुकीचे." टपरीवरची माणसं पोट धरून हसली. चहावाल्यानं मुकाट दोन चमचे साखर टाकली. माशी आली. ते माशीकडे पाहून समाधानानं म्हणाले, "हेच सिद्ध करायचे होते."

पोरांना ही तऱ्हा इतकी आवडली की गावभर तिची साथ पसरली. विटी-दांडूत कुणी बाद झाला की खडू पुढे. खडू नसला तर ढेकूळ. एका बापानं पोराला विचारलं, "शेतात गेलता का नाई?" पोरगं म्हणालं, "समजा, गेलो नाई." त्याला त्याच्या समजण्याबद्दल मार बसला.

दहावीच्या वर्गात मराठीची चौदा पोरं. एके दिवशी ते म्हणाले, "या वर्गात चौदा मुले आहेत. महिने बारा. सिद्ध करा की निदान दोघांचा जन्म एकाच महिन्यात झाला." किती सुरेख कोडं. बारा कोनाडे, चौदा पणत्या. एका कोनाड्यात दोन पणत्या ठेवाव्याच लागणार. पोरांनी विचार करावा म्हणून ते पाठ करून खिडकीपाशी गेले.

मागच्या बाकावरून कमल उठली. माळ्याची पोर, बोलायला फटकळ. "सर, याच्यात सिद्ध काय कराचं? आमचे समद्याचे जन्म एक जूनले झाले."

"कशावरून?"

"हजेरीपटावरून. कोणाच्याच मायले तारीख आठोत नोयती. हेडमास्तरनं समद्याले एक जून लिवून देला."

त्यांनी हजेरीपट उघडला. चौदाच्या चौदा, एक जून. मग ते हसले. या गावात आल्यावर पहिल्यांदाच. हसताना ते लहान मुलासारखे तोंडावर हात धरायचे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. हसणं थांबल्यावर कमलला म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. परंतु कागद खोटा आहे. आता कागद न पाहता सिद्ध कर." आणि पोरीनं केलं. कोनाडे आणि पणत्या तिच्याच. मी आत्ता वापरल्या त्या.

त्यांचा सगळा जीव यात होता. उत्तर सांगणाऱ्याला ते शाबासकी द्यायचे नाहीत. "उत्तर शेजाऱ्याच्या पाटीवरही असते," म्हणायचे, "कारण स्वतःचे लागते." ज्या पोरांना घरी कुणी बोलू देत नव्हतं, ती पोरं फळ्यापाशी उभी राहून मास्तरच्या चुका दाखवायला लागली. आणि चूक निघाली की हा माणूस कान धरायचा. स्वतःचा.

एकदा मी व्हरांड्यातून जात होतो. आत कमलचा आवाज. "सर, समद्या गोष्टीले कशावरून इचारता. दोन टिंबातून एकच रेघ जाते, हे तं तुमी तसंच मानून घेतलं. याले काऊन नाई इचारत?"

मी थांबलो. मला वाटलं, सापडला.

ते म्हणाले, "काही गोष्टी आधी मानाव्या लागतात. मानल्या नाहीत तर सुरुवातच होत नाही. त्यांना गृहीतक म्हणतात. गृहीतकाची सिद्धता मागत नाहीत."

"मंग किती मानाच्या?"

"थोड्या. फार थोड्या."

आता यातली दुसरी बाजू. जो माणूस प्रत्येक वाक्याला पुरावा मागतो, त्याच्याशी कोण गप्पा मारणार? आमच्या शिक्षकांच्या खोलीत गप्पा म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. अमक्याची बदली ठरली, तमक्याचं जमलं, फलाण्याच्या सुनेचं बिनसलं. यातल्या एकाही वाक्याला पुरावा नसतो, म्हणून तर ती बोलायची. यांनी दोन-चारदा खडू पुढे केला आणि माणसं आपापल्या खुर्च्या हळूहळू खिडकीकडे सरकवू लागली. वर्षभरात लांब टेबलाच्या एका टोकाला सगळी खोली आणि दुसऱ्या टोकाला ते. मधे कोरं टेबल. मी तेवढा त्यांच्या टोकाला बसायचो. मला त्यांची मजा वाटायची, आणि मी कुणाचीही नक्कल करतो, त्यांची तर हुबेहूब करायचो. त्यांच्यासमोर. ते लक्ष देऊन बघायचे आणि म्हणायचे, "हात थोडा अधिक वर."

गावच्या कडेला त्यांची खोली. एक ताट, एक पेला, एक खुंटी. रविवारी पोरं शेतात, गाव शेतात. मी एकदा रविवारी दुपारी गेलो, तर हे दाराशी खुर्ची टाकून बसलेले आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. "काय करून राह्यले सर?" मी विचारलं. म्हणाले, "सकाळपासून मोजतो आहे. सात माणसे गेली. तुम्ही आठवे. परंतु तुम्ही थांबलात."

बायको तिकडे, त्यांच्या गावच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. सरकारी नोकरी सोडून ती येणार कशी, आणि घरात म्हातारे सासू-सासरे. मुलगी ते इथं आले तेव्हा तीन वर्षांची होती. वर्षातून एकदा, मे महिन्यात, ते जायचे. एसटीसारखी आमची लाल बस, मग मंचेरियलहून रेल्वे, मग पुन्हा बस. एका वर्षी परत आल्यावर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, "मुलीने मला पाणी आणून दिले. ताटलीत पेला ठेवून. पाहुण्याला देतात तसे."

त्यांनी यावर एक उपाय काढला होता. मुलगी लिहायला शिकली तसं दर रविवारी एक पोस्टकार्ड तिच्या नावे. त्यावर तेलुगूत एक कोडं. आधी ते कोडं आमच्या दहावीला घालायचे. पोरं सोडवायची आणि सल्ले द्यायची. "सर, हे नका पाठवू, सोपं हाय, तिले राग येईल." चौदा पोरांनी कधी न पाहिलेली ती मुलगी वर्गात पंधरावी होती. गुरुवारी पोस्टमन यायचा. मुलीचं उत्तर आलं की ते ती ओळ फळ्यावर लिहायचे, आणि उत्तराखाली कारण नसेल तर पुढच्या कार्डावर तिलाही तोच शब्द जायचा, त्यांच्या भाषेत.

आणि दर जूनला बदलीची दरखास्त. नवरा-बायको दोघंही सरकारी शिक्षक असले तर एका ठिकाणी आणायचा नियम तेव्हाही होता. ते सुंदर अक्षरात दरखास्त लिहायचे, कारणं क्रमानं मांडायचे, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर उभी. अशी दरखास्त की वाचणाऱ्याला नाही म्हणायला जागा नाही. ती माझ्या हातात द्यायचे. आठ दिवसांनी विचारायचे, "गेली?"

मी म्हणायचो, "गेली."

ते मान हलवायचे.

गेली नव्हती.

पहिल्या वर्षी मी ती घेऊन हेडमास्तरांकडे सहीला गेलो, तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं. "मास्तर, हा कागद ठेवा तुमच्या कपाटात. दहावीचं साल हाय. हा माणूस गेला तं या गावात दुसरा कोण येते? मराठीचे पोरं गणितात पास होऊन राह्यले, पहिल्यांदा. एक साल थांबू द्या. पुढच्या साली मी सोता घेऊन जातो."

हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. गावातली कर्ती माणसंही आमच्या बाजूची. कुणालाच त्यांना दुखवायचं नव्हतं. उलट आम्हाला ते इतके हवे होते की आम्ही त्यांना जाऊ देत नव्हतो. आणि दहावीचं साल काय, दर वर्षी येतंच. एकदा थांबवली की दुसऱ्यांदा थांबवायला नवं कारण लागत नाही. आधीचंच पुढे ढकलायचं. हेसुद्धा मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. ओळीनं विटा उभ्या करायच्या, पहिली पाडायची, मग सगळ्या पडतात.

कपाटात, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांखाली, सहा कागद जमले.

तुम्ही विचाराल, तुला काही वाटलं नाही? वाटायचं. मग मी त्यांची नक्कल करायचो, ते हात वर घ्यायला सांगायचे, आणि वाटणं जायचं.

सातव्या वर्षी जानेवारीतला एक गुरुवार. शाळा सुटली होती. इतर शिक्षक गेले होते. ते टेबलाच्या आपल्या टोकाला बसून पोस्टकार्ड वाचत होते. एरवी कार्ड वाचायला त्यांना अर्धं मिनिट लागायचं. मी टपाल-वही भरून मिटली, टोपी डोक्यावर चढवली, तरी ते वाचतच होते.

"सर, काय म्हणते मुलगी? बरोबर आलं का?"

"या वेळी तिने उत्तर पाठवले नाही," ते म्हणाले. "कोडे पाठवले आहे."

"वा, बापावर गेली. काय आहे?"

त्यांनी कार्ड माझ्याकडे दिलं नाही. स्वतःच वाचलं, एकेका ओळीचं मराठी करत, वर्गात करायचे तसं. "दिलेले: दर आठवड्याला एक कार्ड येते. त्यावर कोडे असते. साध्य: मला वडील आहेत." बोट खाली सरकवलं. "खाली तिने टीप लिहिली आहे. शाळेत एक मुलगी म्हणाली की तुला वडील नाहीत. मी म्हटले, आहेत, कार्ड येते. ती म्हणाली, कार्ड कोणीही पाठवू शकतो. म्हणून कार्ड हा पुरावा धरू नये. सिद्ध करून पाठवा."

मी हसायच्या बेतात होतो. नऊ वर्षांची पोर आणि काय तो युक्तिवाद. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू जिथल्या तिथं राहिलं.

"हे सरळ होत नाही," ते म्हणाले. "मी दुपारपासून पाहतो आहे. म्हणून उलट बाजूने करावे लागेल." त्यांनी खिशातून खडू काढला. पण फळ्याकडे गेले नाहीत. टेबलावरच एक लहान रेघ ओढली. "समजा, तिला वडील नाहीत. तर तिच्या घरात काहीतरी आताहून वेगळे दिसले पाहिजे. ते सापडले की विसंगती मिळाली. म्हणजे झाले."

मी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"सकाळी तिची आई उठते. आई पाणी भरते. वडील नसते तरी आईनेच भरले असते. शाळेत ती आईबरोबर जाते. वडील नसते तरी तशीच गेली असती. पावसाळ्यात तिला ताप आला. शेजारच्या माणसाने सायकलवरून दवाखान्यात नेले." ते प्रत्येक वाक्याला टेबलावर एक टिंब देत होते. "खुंटीवर माझा एक सदरा होता. परंतु तो मागच्या वर्षी आजोबांना घातला. तो आता त्यांचा आहे."

टिंबांची एक लांब ओळ झाली.

"विसंगती सापडत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पाहा. माझे काही चुकत असेल. मला चूक दाखवा."

सहा वर्षांत या माणसानं हजारदा खडू पुढे केला असेल. तेव्हाही केला. पण तेव्हा तो हात मागणाऱ्याचा होता.

मी उठलो. कपाट उघडलं. नकाशांच्या गुंडाळ्या बाजूला केल्या आणि सहा कागद आणून त्यांच्यापुढे ठेवले. टिंबांवरच. मला सगळं बोलून टाकायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "सर, या गेल्याच नाही."

"कशाव…"

शब्द अर्धाच राहिला. पुरावा समोर होता. त्यांचंच अक्षर, सहा वेळा.

त्यांनी सगळ्या दरखास्ती वाचल्या. पहिलीपासून, क्रमानं. दुसऱ्या वर्षीच्या कागदाला वाळवी लागली होती, तिथं बोट फिरवलं. मी हेडमास्तरांचं सांगितलं, दहावीचं सांगितलं, गावाचं सांगितलं. माझंही सांगितलं. मला वाटत होतं, यांनी ओरडावं. या गावात प्रत्येक जण ओरडून मोकळा होतो.

शेवटी मीच म्हणालो, "तुम्ही साऱ्या दुनियेला विचारता. दर वर्षी मी म्हटलं गेली, आणि तुम्ही मान हलवली. एकदाही कशावरून म्हटलं नाही. एकदा जरी म्हटलं असतं, सर, मला वहीत दाखवता आलं नसतं."

ते कागद सारखे करत होते. चारी कडा जुळवून.

"तुम्ही माझ्या टोकाला बसत होता," ते म्हणाले. "मी ते गृहीतक धरले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिला तास घेतला. दहावीचाच. मी शेजारच्या वर्गात होतो, मधली भिंत पातळ. परीक्षेला दोन महिनेही उरले नव्हते. त्यांनी पोरांना सगळं सांगितलं नाही. मुलीचं कोडं तेवढं फळ्यावर लिहिलं, टिपेसकट. मग कमल बोलली.

"सर, हे इथून नाई होत. हे तिथं जाऊन करावं लागते."

"आणि तुमची परीक्षा?"

"आमी करू. उत्तर नाई आलं तं कारण तं येते."

हेडमास्तरांनी त्याच दिवशी लांब रजेवर आणि नव्या दरखास्तीवर सही केली, पण बसथांब्यापर्यंत आले नाहीत. खोलीतच बसून राहिले, म्हणाले डोकं दुखतं. मी पत्र्याची पेटी उचलायला गेलो, पण ती त्यांनी स्वतःच उचलली. गिरजाबाईनं वाटेत अडवून पिशवीभर वांगी दिली. "समजा, हे चांगले हायत," ती म्हणाली. त्यांनी पिशवीत पाहिलंही नाही. "मानले," म्हणाले.

बस आली. पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी कंडक्टरला विचारलं, "ही मंचेरियलला जाते?"

"उतनूरले जाते. थितून मंचेरियलची भेटते."

"कशावरून?"

कंडक्टरनं वैतागून कपाळाला हात लावला. मी शेजारीच उभा होतो. रोज ती बस बघणारा, तिच्या वेळा तोंडपाठ असणारा. त्यांनी मला विचारलं नाही. मग ते आत गेले, पलीकडच्या बाजूच्या खिडकीपाशी बसले, आणि बस गेली.

हेडमास्तर म्हणत होते की हा माणूस गेला तर मराठीचे वर्ग बुडतील. त्या मार्चमध्ये कमलनं संध्याकाळी सगळ्यांना मारुतीच्या पारावर बसवून भूमिती करून घेतली. चौदांतली दहा पास झाली. वर्ग बुडाले नाहीत. म्हणजे आपले मानणे चुकीचे. सहा वर्षं आम्ही एका माणसाला ज्या वाक्यावर अडकवून ठेवलं, त्या वाक्याला खालून काहीच आधार नव्हता. मराठीचे वर्ग पुढे आटले, पण ते हळूहळू, नव्वदच्या दशकात, वेगळ्याच कारणांनी. आज त्यातल्या बहुतेक खोल्यांत तेलुगूचे वर्ग भरतात आणि त्या लांब टेबलाच्या आमच्या टोकाला मी एकटा बसतो. नकला मी अजून करतो. त्यांची करत नाही. हात अधिक वर, हे सांगणारं कुणी नाही.

उन्हाळ्यानंतर त्यांच्या जिल्ह्यातून त्यांचं सर्व्हिस बुक मागवणारा कागद आला. त्याच दिवशी मी ते बांधलं, वहीत लिहिलं, पोस्टात स्वतः नेलं आणि पावती जपून ठेवली. ती अजून आहे. कुणी मागितलेली नाही. सर्व्हिस बुक मागवलं, यावरून माणूस आपल्या गावी नोकरीला लागला एवढं सिद्ध होतं. पण साध्य ते नव्हतं. मुलीनं सिद्धता मान्य केली का, खुंटीवर पुन्हा सदरा आला का, पाण्याचा पेला ताटलीशिवाय मिळाला का, यातलं मला काही ठाऊक नाही. झालं असेल, असं मी स्वतःला सांगतो. आणि लगेच एक शब्द कानाशी येतो.

बस गेल्यावर मी शाळेत परतलो होतो, तेवढं सांगायचं राहिलं. शिक्षकांची खोली रिकामी होती. टेबलावरची टिंबं कुणी पुसलेली नव्हती. त्यांच्या जागेवर खडूचा तुकडा ठेवलेला होता. विसरलेला नाही, खिशातला खडू विसरणारा तो माणूस नव्हता. झिजलेलं टोक त्यांच्या खुर्चीकडे होतं आणि जाड बूड माझ्या खुर्चीकडे.

मी त्यांच्यापुढे दावा तरी कोणता केला होता? मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. नुसता त्यांच्या टोकाला जाऊन बसत होतो, सहा वर्षं.

खडू माझ्या खणात आहे. वर्गात जाताना मी दुसरा घेतो.